आजी की पाळणाघर?
ताईची २६ आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आलीये, विचारत होती आईला गावाहून बोलवू की पाळणाघर बघू.

ताई, आधी खर्च बघ. पाळणाघर महिना ८ हजार, आई 'फुकट'. पण तिचं ब्लाऊज शिवणं बंद, दुखऱ्या गुडघ्यांनी रोज तीन मजले आणि बाबा गावी डब्यावर, हे कोणी धरतच नाही. २०१९च्या सरकारी टाइम यूज सर्व्हेत घरच्यांची काळजी घेणाऱ्या बायकांची त्यात रोज १३४ मिनिटं जातात, पुरुषांची ७६. आणि आजोबा घरात असले तरी शी कोण धुतं ते माहितीये आपल्याला!

भरवशाला आजीच, पण ती आजारी पडली तर बदली कोण? पाळणाघरवाले जरा ताप आला की फोन करतात घेऊन जा, तोही तुलाच, भावोजींना नाही. बाकी ५० किंवा जास्त माणसं असलेल्या ऑफिसला पाळणाघराची सोय द्यावीच लागते, एचआरला विचार आधी.

आई मनापासून तयार असेल तर पहिलं वर्ष तिला बोलव, पण वरकामाला बाई ठेव आणि शिवणाचे बुडणारे पैसे दरमहा तिच्या खात्यात टाक. नुसती 'नाही कसं म्हणू' म्हणून येत असेल तर सरळ पाळणाघर, आणि सोडणं-आणणं भावोजींकडे.