दाराच्या कोपऱ्यातला खुंट्यांचा स्टँड: आठ महिन्यांनंतर

"ठाण्यात कोट कोण घालतं गं?" सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. खरंय त्यांचं. आमच्या कोट-स्टँडवर आजवर एकही कोट लागलेला नाही. माझं ऐरोलीच्या ऑफिसातल्या एसीसाठीचं जाकीट, दोन रेनकोट, नवऱ्याची सॅक, लेकीचं दप्तर, ओढण्या, भाजीच्या पिशव्या एवढं सगळं मात्र त्यावर रोज असतं.

घोडबंदर रोडला भाड्याचं वन बीएचके आहे. भिंतीला खिळासुद्धा मारायचा नाही, असं मालकांनी करार करतानाच बजावलेलं. त्यामुळे भिंतीवरच्या खुंट्या बाद. दाराशेजारी एक कोपरा आहे, जेमतेम पावणेदोन फुटांचा. तिथे आधी दुकानातून आणलेला तीन पायांचा लोखंडी स्टँड होता, वजन तीन किलो. तो पाचसहा वेळा पडला, एकदा लेकीच्या अंगावर. लागलं नाही, पण त्या दिवशी मी टेप घेऊन बसले.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. पडायचा तो दर वेळी काहीतरी ओढून काढताना. टांगून ठेवलेल्या सामानाने तो कधीच पडला नव्हता. सकाळी ट्रान्स-हार्बरची गाडी गाठायची घाई, सॅकचा पट्टा खुंटीत अडकलेला, आपण हिसका देतो आणि स्टँड अंगावर येतो. हिशोब सोपा आहे. तीन पाय मध्यापासून २५ सेंमीवर असतील, तर शेजारच्या दोन पायांना जोडणारी रेघ मध्यापासून फक्त साडेबारा सेंमीवर येते, आणि स्टँड उलटतो तो त्या रेघेवरून. तीन किलोचा रिकामा स्टँड १६० सेंमी उंचीवर त्या दिशेने ओढला, तर पाव किलोपेक्षाही कमी जोर पुरतो. तेवढ्याच लांबीचे चार पाय असते तर ती रेघ साडेसतरा सेंमीच्या पुढे गेली असती. ऑफिसच्या चाकाच्या खुर्चीला पाच पाय का असतात, ते मला तेव्हा कळलं. तीन पायांचा एक फायदा आहे, फरशी उंचसखल असली तरी तो डुगडुगत नाही. पण आमच्या फरशा सपाट आहेत, त्या फायद्याचं मी काय करू?

मग वजन खाली न्यायचं ठरवलं. किचन ओट्याचे दगड विकणाऱ्याकडे कडप्प्याचा उरलेला तुकडा मिळाला. ४० बाय ४० सेंमी, दोन सेंमी जाड, साडेआठ किलोच्या आसपास. भोक आणि कडेची घासाई त्यानेच करून दिली. वर सागाचा दोन इंची चौकोनी दांडा, साडेपाच फूट. दांडा दगडाच्या मधोमध न लावता कोपऱ्याकडे सरकवला, भिंतींपासून १३ सेंमीवर. मागे दोन्ही बाजूंना भिंत असल्याने तिकडे तो पडणार कुठे? पुढची कड तेवढी लांब गेली. आता त्याला उलटवायला वरच्या खुंटीपाशी दीड किलोच्या आसपास जोर लागतो, म्हणजे आधीच्या सहापट. आठ महिन्यांत एकदाही पडलेला नाही.

खुंट्या लेथवर कातून घेतल्या. सासूबाई सावंतवाडीकडच्या, त्यांना त्या तिथल्या लाकडी खेळण्यांसारख्या वाटल्या आणि तेवढ्यापुरता स्टँड पसंत पडला. खुंटी आठ सेंमी बाहेर, किंचित वर उचललेली, टोकाला गोल बोंड. हे बोंड हवंच; निमुळत्या टोकाच्या खुंटीवर जाकिटाच्या पाठीला टेंगूळ येतं. आणि दोन खुंट्यांची भोकं एकाच उंचीवर घेऊ नका, दांडा तिथेच कमजोर होतो. आम्ही प्रत्येक खुंटी आधीच्या खुंटीपेक्षा चार बोटं खाली आणि वेगळ्या बाजूला घेतली. लेकीसाठी एक खाली, ९५ सेंमीवर. दप्तर ती स्वतः टांगते. रोज नाही, पण टांगते.

आता चुका. पहिली मिस्त्रींची. त्यांनी दगडाखालून थेट दांड्याच्या बुडात स्क्रू मारले. लाकडाच्या रेषांच्या दिशेने शिरलेला स्क्रू नीट धरत नाही. मे महिन्यात लाकूड सुकलं आणि स्टँड म्हाताऱ्याच्या दातासारखा हलायला लागला. मग बुडातून वर सहा इंच भोक पाडून त्यात थ्रेडेड रॉड (आटे पाडलेली सळई) इपॉक्सी गोंदाने बसवला, दगडाखाली खळगा करून नट आवळला आणि चार कोपऱ्यांना रबराचे तुकडे चिकटवले. तेव्हापासून गप्प उभा आहे. हे पहिल्यांदाच असं करून घ्या.

बाकीच्या दोन चुका माझ्याच. मला पॉलिशची चकाकी नको होती, म्हणून अळशीचं तेल लावलं. उन्हाळ्यात काय सुंदर दिसत होतं! जुलैत ओल्या रेनकोटांमागे दांड्यावर काळी-हिरवी बुरशी धरली. सप्टेंबर संपल्यावर घासून मेलामाइन पॉलिश मारलं. दिसायला तसं प्लास्टिकसारखंच, पण पुसलं की साफ. दुसरी चूक म्हणजे दांडा कोपऱ्याकडे सरकवताना कपड्यांचा विचारच केला नव्हता. मागच्या बाजूच्या खुंटीवरचा रेनकोट भिंतीला टेकायचा आणि तिथला रंग फुगला. मालकांना दिसायच्या आत तेवढा पट्टा खरवडून रंगवून घेतला. आता मागच्या बाजूला खुंटीच नाही. दगडावर जुनी परात ठेवली आहे, छत्र्या आणि रेनकोटाचं पाणी तिच्यात गळतं. पावसाळ्यात ती दिवसातून दोनदा ओतावी लागते. हे काम कुणाचं, यावर आमच्याकडे अजून एकमत नाही.

जागा किती वाचली म्हणाल, तर मी ज्या मापावर खूश होते ते मापच चुकीचं होतं. दगड फक्त सोळा इंचांचा. पण अकरा खुंट्या भरल्या की छातीच्या उंचीवर स्टँडचा घेर अडीच फुटांवर जायचा आणि दार अर्धंच उघडायचं. मिस्त्री आधीच म्हणाले होते, "ताई, स्टँड उभा राहील, पण तुम्ही त्याच्यावर घर टांगाल." तसंच झालं. खुंट्या होत्या म्हणून कपडे येत गेले. तळातली एक शाल तर दिवाळीच्या साफसफाईत सापडली. शेवटी मागच्या धरून चार खुंट्या काढल्या आणि भोकं बुजवली. सात उरल्या. माणशी दोन आणि पाहुण्याला एक. दार पूर्ण उघडतं.

युरोपातले ते वाफेवर वाकवलेल्या लाकडाचे जुने स्टँड मला आजही आवडतात. व्हिएन्नाच्या थोनेट कंपनीने १८५९ मध्ये जी खुर्ची काढली, तिच्याच जातकुळीतले. इराण्याच्या हॉटेलात त्या धाटणीच्या खुर्च्या आपण पाहिल्या आहेत. पण त्यांच्या वरच्या फांद्या चहूबाजूंनी पसरतात. त्यांना मोकळा हॉल लागतो, आमच्या कोपऱ्यात तो स्टँड मावणार नाही.

खर्च दगड, लाकूड, लेथ, मजुरी धरून साडेतीन हजार, नंतरची दुरुस्ती आणि पॉलिश वेगळं. दुकानातला स्टँड याहून स्वस्त पडला होता, हे नवरा अधूनमधून आठवण करून देतो. हेल्मेटची सोय अजून जमलेली नाही. पट्ट्याने टांगलं की ते लोंबतं आणि जाता-येता खांद्याला लागतं, म्हणून सध्या ते चपलांच्या कपाटावर असतं. काढलेल्या खुंट्यांपैकी तीन ड्रॉवरमध्ये आहेत. चौथी लेकीने भातुकलीत लाटणं म्हणून घेतली आहे, ती आता परत मिळणार नाही.