इलेक्ट्रिक स्टीमर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जुलैत घेतलेला तीन थाळ्यांचा इलेक्ट्रिक स्टीमर आमच्याकडे जवळजवळ रोज चालतो. घ्यायच्या आधी मी बरंच वाचलं होतं, पण जिथे बघावं तिथे ब्रोकोली आणि वजन कमी करणं. आमच्याकडे त्यात अळूवड्या, इडल्या, मोदक आणि उपासाची रताळी व्हायची होती आणि तो चालवणार होती माझी चौऱ्याहत्तर वर्षांची आई. अशा घरातल्या कुणाला उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितो.

आम्ही पुण्यात वाघोलीला राहतो. मी आणि बायको सकाळी साडेआठला बाहेर पडतो, मुलगी कॉलेजला, आई दिवसभर एकटी. मागच्या उन्हाळ्यात दोनदा तिच्याकडून गॅस चालू राहिला. दुसऱ्या वेळी तर मोदकपात्रातलं पाणी पूर्ण आटलं, बूड काळं पडलं आणि करपल्याचा वास येतोय म्हणून शेजारच्या वहिनींनी बेल वाजवली. आई आत खोलीत पडली होती. आम्ही कुणीच तिला काही बोललो नाही. तिचं तिनेच ठरवलं, "मी आता एकटी असताना गॅस पेटवणार नाही." आणि खरंच नाही पेटवला. पन्नास वर्षं ओट्याशी उभी राहिलेली बाई दुपारी डब्यातलं गार जेवायला लागली. गरम करून घ्यायला मायक्रोवेव्ह आहे, पण तो तिला आवडत नाही. कुणी आलं तर साधा उपमासुद्धा करून घालता येत नाही, याचं तिला फार लागायचं. स्टीमर आणला तो त्यासाठी.

दुकानात तीन गोष्टींचा विचार केला होता. पहिली इंडक्शन शेगडी. तिची टचची बटणं आईच्या बोटांना दाद देत नाहीत, आणि पात्रातलं पाणी आटण्याची काळजी तशीच राहते. दुसरा इलेक्ट्रिक राइस कुकर, वर वाफवायची जाळी असलेला. तो स्वस्त आहे आणि भातही होतो. पण साध्या मॉडेलला टायमर नसतो. तळाचं पाणी संपून भांडं तापलं की मगच तो बंद पडतो, म्हणजे बारा मिनिटांच्या इडलीला किती पाणी घालायचं याचा अंदाज आपण बांधायचा. तिसरा हा स्टीमर: खाली पाण्याची टाकी आणि हीटर, वर एकावर एक बसणाऱ्या भोकांच्या थाळ्या, पुढे टायमरचा गोल खटका. वेळ संपली की टिंग वाजून बंद. पाणी आधीच आटलं तरी बंद. आम्हाला साडेतीन हजारांच्या आसपास पडला.

डिजिटल पट्टीचं मॉडेल दिसायला छान होतं, तरी मी खटक्याचं घेतलं आणि ते बरं झालं. आईला रेडिओचा कान पिरगाळायची सवय आहे, मेनूत जायची नाही. अडचण एकच होती: खटक्यावरचे आकडे राखाडी आणि बारीक, तिला चष्मा लावूनही दिसेनात. बायकोने लाल नेलपॉलिशचे ठिपके दिले. पंधरावर एक ठिपका, पंचवीसवर दोन. एक ठिपका म्हणजे इडली, मोदक. दोन म्हणजे अळूवडी, कोथिंबीर वडी. कंपनीने दिलेल्या अख्ख्या पुस्तिकेपेक्षा त्या तीन ठिपक्यांचा आम्हाला जास्त उपयोग झाला.

आता यात काय जमतं ते सांगतो. वाफेवर ठेवायचे आपले जे पदार्थ आहेत ते सगळे उत्तम होतात. अळूवडीचे उंडे पंचवीस मिनिटांत आतपर्यंत शिजतात, कारण वाफ सगळीकडून लागते. कोथिंबीर वडी तशीच. कोबीचे मुटके, हळदीच्या पानातल्या पातोळ्या, मक्याची कणसं. रताळी कुकरमध्ये पाणी पिऊन फुटायची, इथे घट्ट आणि जास्त गोड लागतात. फरसबी, गाजर, फ्लॉवर बारा ते पंधरा मिनिटं. रंग टिकतो आणि भाजीतलं क जीवनसत्त्व पाण्यात उकळल्यावर जितकं जातं तितकं इथे जात नाही. मुलीची अंडीही यातच होतात आणि उकळलेल्या अंड्यापेक्षा त्यांचं कवच सहज सुटतं.

जे जमत नाही तेही ऐका. डाळ शिजवायच्या फंदात पडू नका. प्रेशर कुकरमध्ये दाबामुळे तापमान १२० अंशांच्या आसपास जातं, स्टीमर उघडा असल्याने १०० च्या वर जात नाही, आणि पुण्यात समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंचीवर पाणी ९८ ला उकळतं. अख्खा बटाटा पाऊण तास घेतो, बीट त्याहून जास्त. भाताचं वेगळं भांडं सोबत मिळतं, आम्ही ते दोनदा वापरून वर ठेवून दिलं. चाळीस मिनिटं भातासाठी थांबायला कुणाला वेळ आहे? ओल्या भुईमुगाच्या शेंगा शिजतात, पण मिठाच्या पाण्यात उकळलेल्या शेंगांची खारट चव येत नाही, त्यामुळे त्या अजून पातेल्यातच होतात.

मोदकांबद्दल नीट लिहायला हवं, कारण मोदकासाठी स्टीमर घ्यायचा विचार बरेच जण करत असतील. २७ ऑगस्टला गणपती बसले. आईने मुळशीच्या आंबेमोहोराची पिठी आणवली होती, उकड बायकोने मळली, पाऱ्या आणि कळ्या आईच्या. नैवेद्याला एकवीस मोदक. खालच्या थाळीत अकरा, वरच्या थाळीत दहा, ठिपक्यावर खटका लावला. टिंग झाल्यावर उघडलं तर खालच्या चार-पाच मोदकांची नाकं बसलेली, पारीला पाणी सुटून चिकट झालेली. आई नुसती बघत राहिली. वरच्या थाळीच्या बुडाला वाफ गार होऊन थेंब धरतात आणि ते नेमके खालच्या मोदकांवर पडतात. वरच्या मोदकांवर झाकणाचे थेंब पडले होते, पण कमी, कारण झाकण थोडं घुमटासारखं आहे.

तेव्हापासून आमचा नियम: मोदक, इडली, ढोकळा यांना एकच थाळी, एका वेळी एकच घाणा. झाकणाला आतून जुन्या सुती पंचाचा तुकडा लावायचा आणि त्याची टोकं वर मुठीशी गाठ मारून ठेवायची, म्हणजे खाली लोंबत नाहीत. कपडा थेंब पितो. थाळीला तूप लावून प्रत्येक मोदकाखाली हळदीच्या पानाचा छोटा तुकडा. अख्खं पान पसरलं की भोकं बुजतात आणि मोदक कच्चे राहतात. मोदक ठेवायच्या आधी थाळीतून दणदणीत वाफ यायला हवी. अनंत चतुर्दशीला आईने याच पद्धतीने दोन घाणे काढले आणि एकवीसच्या एकवीस कळ्या उभ्या होत्या. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या शेवटच्या वाफेवर झाल्या.

दोन थाळ्या एकदम लावायच्याच असतील तर थेंबांनी बिघडणार नाही ते खाली: कणसं, रताळी, अळूचे उंडे. वासाचं आणि रंगाचंही खालीच, नाहीतर बिटाचं लाल पाणी सगळ्यांवर उतरतं. वरच्या थाळीला पाच मिनिटं जास्त धरा. ते गळालेलं पाणी खालच्या ताटलीत जमतं, आई त्यात कणीक मळते. दोन वेळा वापरल्यावर ती ताटली रिकामी केली नाही तर ओट्यावर ओहोळ येतो.

पाण्याचा हिशेबही कळला. आमचा हीटर ८०० वॅटचा आहे. असा हीटर तासाला साधारण सव्वा लिटर पाण्याची वाफ करतो, म्हणून एक लिटरची टाकी पाऊण तास पुरते. बाहेरून पाणी दिसणारी पट्टी आणि मध्येच पाणी ओतायला तोंड, या दोन गोष्टी नसतील तर तो स्टीमर घेऊ नका. पंचवीस मिनिटांनी सगळी उतरंड उचलून टाकीत पाणी घालणं म्हाताऱ्या माणसाचं काम नाही. पाऊण तासाला वीज लागते ०.६ युनिट. साधा ६ अँपियरचा प्लग पुरतो, फक्त घरातल्या छोट्या इन्व्हर्टरवर तो लावायच्या भानगडीत आम्ही पडलो नाही.

वीज जाण्यावरून एक अनुभव. आमचा खटका स्प्रिंगचा आहे, चावीच्या घड्याळासारखा. सप्टेंबरात अळूवड्या लावल्यावर दहाव्या मिनिटाला लाइट गेली. हीटर बंद, पण खटका आपला फिरतोय. पंचवीस मिनिटांनी टिंग वाजलं, आईने उंडे काढून कापले तर आत बेसन कच्चं. आता लाइट गेली की तिने खटका मागे फिरवून ठेवायचा आणि आल्यावर पुन्हा लावायचा, हे तिला पाठ झालंय. डिजिटलमध्ये लाइट आल्यावर यंत्र बंदच राहतं असं दुकानदार म्हणाला, म्हणजे लक्ष दोन्हीकडे हवंच.

सगळ्यात मोठा त्रास क्षारांचा. आमच्या सोसायटीत बोअरचं आणि टँकरचं पाणी. सुरुवातीला मिनिटभरात वाफ यायची, सहा आठवड्यांत चार मिनिटं लागायला लागली. टाकीत डोकावलं तर हीटरवर चुन्यासारखा पांढरा थर. चमच्याने खरवडू नका, हीटरच्या पत्र्याला चरे पडतात. अर्धा लिटर पाण्यात एक मोठा चमचा लिंबूसत्व, थाळ्या न लावता पाच मिनिटं गरम, मग बंद करून अर्धा तास तसंच. थर आपोआप सुटून पाण्यात तरंगतो. नंतर दोनदा साध्या पाण्याने विसळायचं. व्हिनेगरनेही निघतो, पण पुढच्या दोन घाण्यांना त्याचा वास येतो. आता आम्ही टाकीत फिल्टरचंच पाणी घालतो आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी हे साफ करतो.

हे करताना हीटरभोवती एक प्लास्टिकची कडी असते, ती परत बसवायला विसरू नका. थोडंसंच पाणी हीटरजवळ अडवून वाफ लवकर यावी म्हणून ती असते. एकदा ती माझ्याकडून सिंकजवळच राहिली आणि दोन दिवस आम्ही यंत्र बिघडलं म्हणून हळहळत होतो.

थाळ्या प्लास्टिकच्या आहेत, बीपीए (काही प्लास्टिकमध्ये असणारं, अपायकारक मानलं जाणारं रसायन) नसलेल्या. स्टीलची मॉडेल्स मिळतात, महाग असतात आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. आईला दिसायला हवं म्हणून प्लास्टिक घेतलं. वडीच्या पिठातल्या हळदीने थाळ्या पहिल्याच आठवड्यात पिवळ्या झाल्या. साबणाने, सोड्याने काही होत नाही. गॅलरीत कडक उन्हात दोन दुपारी ठेवल्या की पिवळेपणा उडतो. भोकांत अडकलेलं इडलीचं पीठ बाटली धुवायच्या बारीक ब्रशने निघतं, मात्र लगेच, वाळू दिलं तर नाही.

जागा नीट निवडा. आम्ही पहिले दोन महिने स्टीमर ओट्याच्या कोपऱ्यात, वरच्या कपाटाखाली ठेवला होता. कपाटाच्या खालच्या कडेचा सनमायका फुगून सुटला, आतला प्लाय ओला. आता तो खिडकीखाली असतो. आणि झाकण उघडताना पलीकडची बाजू आधी उचलायची, आपल्याकडची नाही. वाफेचा चटका उकळत्या पाण्याहून वाईट असतो, कारण कातडीवर तिचं पाणी होताना तिच्यातली सगळी उष्णता तिथेच सुटते. आईच्या मनगटावर एकदा फोड आला होता, म्हणून हे मुद्दाम लिहितोय.

डिसेंबरात खटका सैल झाला. फिरवला की सुटा फिरायचा, टिंग नाही आणि हीटरही नाही. वॉरंटी होती, पण सर्व्हिस सेंटरला पाच फोन झाले आणि यंत्र सतरा दिवस तिकडेच राहिलं. एवढ्याशा प्लास्टिकच्या भागासाठी सतरा दिवस, याचा मला मनापासून राग आला. घेण्याआधी आपल्या शहरात सर्व्हिस सेंटर आहे का आणि खटका, झाकण, कडी सुटी मिळते का, हे दुकानात विचारा. आई रोज संध्याकाळी मी घरात शिरलो की विचारायची, "आलं का रे यंत्र?" त्या सतरा दिवसांत ती पुन्हा डब्यातलं गार जेवत होती.

स्टीमर परत आला तेव्हा नवा खटका कोरा होता, तेच राखाडी बारीक आकडे. बायकोने पर्स ठेवायच्या आधी नेलपॉलिशची बाटली काढली. पंधरावर एक, पंचवीसवर दोन. आईने ठिपके वाळेपर्यंत कोथिंबीर निवडून ठेवली होती.