आर्थिक सेवा की संशोधन संस्था? हवामान धोरणात जाणाऱ्यांसाठी

अर्थशास्त्रात एम.ए. झालंय, हवामान धोरणातच काम करायचंय, पण भारतीय आर्थिक सेवेची परीक्षा द्यावी की दिल्लीतल्या एखाद्या संशोधन संस्थेत लागावं हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय. पगार, अभ्यासक्रम तुम्ही पाहिलेच असतील. मी आधी संस्थेत होतो, मग सेवेत आलो. तेव्हा माझं माप थोडं झुकतं असणार.

संस्थेत बोलायची मोकळीक असते, हे निर्विवाद. कोळशावरचा उपकरच घ्या. २०१० साली टनाला ५० रुपये, २०१६ पर्यंत ४००. जीएसटी आल्यावर स्वच्छ ऊर्जेसाठीचा हा पैसा राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये उपकरच जाऊन कोळशावरचा जीएसटी ५ वरून १८ टक्के झाला. संस्थेतला माणूस यावर वर्तमानपत्रात सडकून लिहू शकतो. मला केंद्रीय कर्मचाऱ्यांचे १९६४ चे वर्तणूक नियम लागू आहेत, सरकारवर जाहीर टीका करता येत नाही. काय म्हणायचं ते फाइलवर, आणि वरून ‘पाहिले’ एवढा शेरा आला की नोट तिथंच निजते.

बदल्याही आहेतच. हवामान वित्तावर जरा हात बसतोय तोवर वस्त्रोद्योग नाहीतर कामगार मंत्रालय. विनंती करता येते, हट्ट नाही.

तरी माझा कौल सेवेकडे, आणि त्याला कारण आकडेवारी. संस्थेत असताना आम्हाला सिमेंटच्या कारखान्यांचा कारखानानिहाय कोळसा-वापर हवा होता. पत्र झालं, स्मरणपत्रं झाली, शेवटी माहिती अधिकार. एका कार्यालयातून आलं ते स्कॅन केलेलं पीडीएफ. पान तिरकं, वरची ओळ कापली गेलेली, त्यामुळे आकडे टनांत की हजार टनांत हेच कळेना. फोन केला तर, ‘रेकॉर्डवर आहे ते दिलंय.’ मग क्षमतेवरून अंदाज बांधला, खाली तळटीप टाकली आणि गुळगुळीत कागदावर अहवाल छापला. त्या तळटीपेची रुखरुख मला शेवटपर्यंत राहिली.

कुणी म्हणेल, एवढ्या-तेवढ्या फरकानं काय बिघडतं? बिघडतं. २०२३ साली अधिसूचित झालेल्या कार्बन क्रेडिट ट्रेडिंग योजनेत टनभर उत्पादनामागे किती उत्सर्जन चालेल, याचं लक्ष्य प्रत्येक कारखान्याला वेगळं असतं. त्याहून कमी उत्सर्जन केलं तर क्रेडिट मिळतात, ती कमी पडणाऱ्यांना विकता येतात. ते सैल ठेवलं तर क्रेडिटला भाव राहत नाही, फार आवळलं तर उद्योगवाले मंत्रालयात येऊन बसतात. हे गणित अंदाजावर मांडवत नाही. सेवेत निदान माझ्या अनुभवात तरी मूळ एक्सेल शीट मिळते, आणि शंका आली तर ज्यानं ती भरली त्यालाच विचारता येतं.

बाहेर राहूनही हे जमतं, नाही असं नाही. सुरतेत २०१९ पासून धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार (कारखान्यांनी धूलिकण सोडण्याच्या परवान्यांची आपसात खरेदी-विक्री) चालला, त्यामागे बाहेरचे संशोधकच होते. पण तिथं गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळानं स्वतःहून दार उघडलं होतं. प्रत्येक विषयात असं मंडळ भेटेल, ही आशा जरा जास्तच झाली.

ज्यांना स्वतःच्या नावानं शोधनिबंध हवेत, पुढे पीएचडी करायची आहे, त्यांनी खुशाल संस्था धरावी. बाकीच्यांनी वयाकडे बघा. संस्था पस्तिशीतही घेतात. परीक्षेला मात्र २१ ते ३० ची अट आहे (राखीव प्रवर्गांना सवलत) आणि जागा मोजक्याच निघतात. मन दोन्हीकडे ओढत असेल तर आधी यूपीएससीचा फॉर्म भरा.