क्लबातली मुलांची शिस्तीची बॅच: पूलवर पक्की, टेबलावर कच्ची

कोल्हापूरच्या पोराला शिस्त नवी नाही. चपला बाहेर काढायच्या, आखाड्यातली तांबडी माती कपाळाला लावायची, वस्ताद बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, हे तालमीत पहिल्याच दिवशी कळतं. क्लबात मात्र चांगल्या घरची मुलं ओल्या कॉश्च्यूमवर डायनिंग हॉलमध्ये शिरतात आणि वडिलांचा मेंबर नंबर सांगून चार प्लेट फ्रेंच फ्राइज मागवतात. तालमीत नियमामागचं कारण डोळ्यांना दिसतं. क्लबात नुसती पाटी दिसते.

शहरातल्या एका खासगी क्लबाची मे महिन्यातली, क्लबात कसं वागायचं ते शिकवणारी बॅच या कसोटीवर बघायला हवी. मेंबरांची ८ ते १४ वर्षांची मुलं, सहा दिवस, रोज सव्वा तास. पहिले दोन दिवस स्विमिंग पूल, तिसरा बॅडमिंटन कोर्ट, चौथा बिलियर्ड रूम आणि रिसेप्शन, शेवटचे दोन डायनिंग हॉल.

पूलचे दोन दिवस अव्वल. 'आधी शॉवर घ्या' एवढं सांगून कोच थांबत नाही. तो पूलचं पाणी दोन छोट्या नळ्यांत घेतो, थेंब टाकतो. क्लोरीनची नळी पिवळी होते, पीएचची (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी ते दाखवणारी) गुलाबी. मुलं ते रंग पट्टीशी ताडून स्वतः आकडा वाचतात. मोकळा क्लोरीन साधारण १ ते ३ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक ते तीन भाग हवा, पीएच ७.२ ते ७.८. मग शॉवरचं कारण येतं: डोळे चुरचुरतात आणि 'क्लोरीनचा वास' येतो, तो बहुतेक वेळा नुसत्या क्लोरीनचा नसतो. घाम आणि लघवीतल्या घटकांशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन तयार होतं, त्याचा तो वास. हे कळलेलं मूल शॉवर चुकवत नाही, उलट चुकवणाऱ्या मोठ्यांना टोकतं. टोपीचंही तसंच. आपल्याकडे सुट्टीत मुलांच्या डोक्यावर तेल चोपडून पाठवायची पद्धत आहे. ते तेल पाण्यावर तवंग धरतं आणि केसांच्या गुंत्यासोबत फिल्टरच्या जाळीत अडकतं. सुती बनियन-चड्डीचे धागेही तिथंच जाऊन बसतात, म्हणून कॉश्च्यूम नायलॉनचा.

वळवाच्या दिवसांतला सगळ्यात महत्त्वाचा नियमही इथं नीट घोटून घेतला जातो. गडगडाट ऐकू आला की शिट्टी, शिट्टी झाली की सगळे पाण्याबाहेर आणि छताखाली, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण ३० मिनिटं परत उतरायचं नाही. पाऊस थांबला तरी नाही. मुलं इथंच चुकतात, पाऊस थांबला की धोका टळला असं त्यांना वाटतं. दोन्ही दिवस शिट्टीचा सराव झाला.

कोर्टावर नॉन-मार्किंग, म्हणजे डाग न पाडणाऱ्या सोलचे बूट सगळ्यांना माहीत असतात. चूक होते ती तेच बूट घालून पार्किंगमधून चालत येण्यात. सोलमध्ये अडकलेली वाळू फळ्यांचं पॉलिश ओरबाडते. म्हणून बूट पिशवीत आणायचे आणि कोर्टाच्या कडेला बदलायचे. शेजारच्या कोर्टावर शटल गेलं तर रॅली संपेपर्यंत थांबायचं, धावत मध्ये घुसायचं नाही, आणि समोरच्याला शटल नेटखालून ढकलण्याऐवजी वरून द्यायचं. मार्करनं, म्हणजे क्लबात खेळ शिकवणाऱ्या कर्मचाऱ्यानं, हे सगळं खेळता खेळता शिकवलं, ते बरं झालं. बिलियर्ड रूम मात्र उरकली. टेबलावर वाकून खडू लावू नये, भुकटी कापडावर पडते. मारताना एक पाय जमिनीवर हवा. समोरचा नेम धरत असताना त्याच्या नजरेच्या रेषेत हलू नये. एवढं सांगितलं, पण क्यू हातात दिला नाही. हात लावल्याशिवाय हे अंगवळणी पडत नाही.

रिसेप्शनचा अर्धा तास अनपेक्षितपणे कामाचा निघाला. पाहुण्याचं नाव रजिस्टरमध्ये कोण लिहितो, मित्रानं काही मोडलं तर नोटीस मित्राच्या घरी न जाता मेंबरच्या नावानं का निघते, सही करण्याआधी बिलातली प्रत्येक ओळ का वाचायची. मुलांना खरं बिल देऊन त्यात मुद्दाम घातलेली एक जादा कॉफी शोधायला लावली. तक्रार असेल तर ती वहीत लिहायची, वेटरवर ओरडायचं नाही, हेही इथंच सांगितलं.

ड्रेसकोडवर मात्र गाडी अडली. झब्ब्यावर मागे पट्ट्याची सँडल चालते, कोल्हापुरी चप्पल का नाही, या प्रश्नाला 'नियम म्हणजे नियम' एवढंच उत्तर मिळालं. ज्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिच्याच गावातल्या मुलांना हे उत्तर पुरत नाही. असे नियम इंग्रजी अमदानीतल्या क्लबांकडून आलेत आणि ते बदलतातही. वेष्टी, म्हणजे तामिळ धोतर, नेसलेल्यांना क्लबांनी अडवू नये म्हणून तामिळनाडूत २०१४ साली कायदा झाला. एवढं सांगितलं असतं तरी मुलांनी आजचा नियम समजून पाळला असता.

डायनिंगचे दोन दिवस सर्वांत कमजोर. चोवीस मुलांना एकच प्रशिक्षक, म्हणजे सुरी धरलेली मनगटं दुरुस्त करायला वेळच नाही. बहुतेक मुलं सुरी पेन्सिलसारखी धरतात. तर्जनी सुरीच्या पाठीवर ठेवली की जोर बरोबर पडतो, हे प्रत्येकाच्या शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. बाहेरचे काटे-चमचे आधी, ब्रेड डावीकडे, पाणी उजवीकडे, मध्येच उठलात तर नॅपकिन खुर्चीवर, जेवण झालं की काटा-सुरी शेजारी-शेजारी; हे पाठ झालं, पण हातात उतरलं नाही.

खरी उणीव वेगळी. शिकवलं सूप आणि कटलेट, आणि क्लबाच्या किचनमधून रविवारी निघतो तांबडा-पांढरा रस्सा! पांढरा रस्सा वाटी उचलून ओठाला लावणं बिनचूक आहे. भुरका मोठ्यानं मारायचा नाही, एवढंच. भाकरी हातानं मोडायची, सुरीनं कापायची नाही. उष्ट्या हातानं वाढपाचा डाव धरायचा नाही; डावा हात कोरडा ठेवायचा आणि त्यानंच वाढून घ्यायचं. लिंबू पिळताना दुसऱ्या हाताचा आडोसा करायचा, नाहीतर बी आणि रस शेजारच्याच्या डोळ्यात. ही आपली शिस्त काटा-सुरीइतकीच काटेकोर आहे आणि तिला बॅचमध्ये एक मिनिटही मिळालं नाही, याचं वाईट वाटतं.

एका गोष्टीसाठी मात्र प्रशिक्षकाला पूर्ण गुण. पहिल्या दिवसापासून प्रत्येक मुलानं वेटर, माळी, लाइफगार्ड यांच्या छातीवरची नावाची पट्टी वाचून, नावापुढे 'काका', 'मामा' किंवा 'ताई' लावूनच हाक मारायची. 'ए, पाणी आण' म्हटलं की पाणी नाही. 'मामा, जरा पाणी देता का?' म्हटलं की लगेच. चौथ्या दिवसापर्यंत सगळी मुलं सरावली. शनिवारी संध्याकाळी आईवडिलांच्या टेबलावर बसल्यावर काहींची जीभ परत घसरली, कारण शेजारून बाबांचा 'ए' ऐकू येत होता. म्हणून पालकांसाठी पहिल्याच दिवशी वीस मिनिटं राखून ठेवायला हवीत. फी थोडी वाढवा, पण डायनिंगला बारा मुलांमागे एक माणूस द्या, आठ आणि चौदा वर्षांच्या मुलांचे गट वेगळे करा, आणि फक्त इंग्रजीत छापलेलं नियमांचं कार्ड मराठीतही काढा.

पुढची बॅच दिवाळीच्या सुट्टीत आहे. आत्ताच्या रूपातही पूल आणि कोर्टासाठी नाव घालावं. टेबलावरचं घरी शिकवायची तयारी ठेवा. सोबत दोन टॉवेल, सिलिकॉनची टोपी, कोरडे कपडे आणि बुटांची वेगळी पिशवी द्या. पूलच्या दोन दिवसांत डोक्याला तेल लावू नका.