ब्रिज केलेल्या अ‍ॅम्पला ०.७७५ व्होल्ट की २६ डीबी?

दोन चॅनल सुटे चालतात तोवर अ‍ॅम्पच्या पाठीमागचा सेन्सिटिव्हिटीचा खटका (किती इनपुटला अ‍ॅम्प पूर्ण ताकद देईल ते ठरवणारा; त्यावर ०.७७५ व्होल्ट, २६ डीबी, ३२ डीबी अशा जागा असतात) कुठेही असला तरी खपून जाते. सबसाठी (खर्जाच्या स्पीकरसाठी) अ‍ॅम्प ब्रिज केला, म्हणजे दोन्ही चॅनल जोडून एक केले, की तसे चालत नाही.

उदाहरणाला दर चॅनल ८ ओहमला ५०० आणि ४ ओहमला ८०० वॉटचा अ‍ॅम्प घेऊ. ब्रिजमध्ये ८ ओहमच्या सबला १६०० वॉट (दोन्ही चॅनलचे ४ ओहमचे ८००-८००), म्हणजे १६०० × ८ चे वर्गमूळ, ११३ व्होल्ट. खटका २६ डीबीवर असेल तर गेन, म्हणजे इनपुटची वाढ, २० पट, ब्रिजमुळे ६ डीबी वाढून ४० पट. ११३ ला ४० ने भागले की २.८३ व्होल्ट, तेवढ्या इनपुटला अ‍ॅम्प भरतो. ०.७७५ वर मात्र गेन वॉटवरून ठरतो: ८ ओहमचे ६३.२ व्होल्ट भागिले ०.७७५, सुमारे ८२ पट. ब्रिजमध्ये १६३ पट, ४४ डीबी. तिथे ०.६९ व्होल्टलाच क्लिपचा (ताकद संपून आवाज फाटू लागल्याचा) दिवा लागतो. (०.७७५ हा आकडा कुठल्या ओहमला धरलाय, ते मॅन्युअलमध्ये बघून घ्या.)

सभामंडपातल्या भजनाला लॅपटॉप नाहीतर छोटा मिक्सर लावायचा असेल तर ०.७७५ सोयीचे. लॅपटॉपच्या सॉकेटमधून २.८३ व्होल्ट सहसा येत नाहीत.

जत्रेतल्या नाटकाची गोष्ट वेगळी. +४ डीबीयूचा (डीबीयू हे व्होल्ट मोजायचे डीबीतले माप, शून्य म्हणजे ०.७७५ व्होल्ट) मिक्सर मीटरच्या शून्यावरच १.२३ व्होल्ट देतो, आणि जनरेटरवरून लाइनीत शिरलेली घरघर ०.७७५ वर १२ डीबीने जास्त ऐकू येते. अ‍ॅम्पचा व्हॉल्यूम नॉब उतरवून ती दबते, हे खरे. पण वैताग इथेच आहे. नॉब उतरवला की गेन नक्की किती, हे कोणालाच सांगता येत नाही. छापलेल्या खुणांवर फारसा भरवसा नसतो, आणि अंधारात रॅकला कोणाचा तरी हात लागतोच. त्यात अ‍ॅम्प बिघडून ८ ओहमला ८०० वॉटचा दुसरा लावला तर ०.७७५ वर गेन २ डीबीने चढतो आणि टॉप (वरच्या सुरांचे स्पीकर) आणि सबचा मेळ सुटतो. २६ डीबीवर हा प्रश्न उरत नाही.

लिमिटरचा (सिग्नल ठरल्या व्होल्टच्या वर जाऊ न देणाऱ्याचा) हिशेबही सरळ होतो. सब ८०० वॉटचा असेल तर ८० व्होल्ट भागिले ४०, म्हणजे २ व्होल्ट, +८.२ डीबीयू. ब्रिजचे ६ डीबी विसरून २० ने भागले तर ४ व्होल्ट येतात. अ‍ॅम्प २.८३ लाच क्लिप होणार, म्हणजे अ‍ॅम्प क्लिप होईपर्यंत लिमिटर लागणारच नाही आणि सबची कॉइल जळू शकते.

मिक्सरमधून +११ डीबीयू स्वच्छ निघत नसेल तर ३२ डीबी घ्या; १.४१ व्होल्टला अ‍ॅम्प भरेल. तेव्हा लिमिटर १ व्होल्टवर आणायला विसरू नका.