पित्ताशयाचं इमर्जन्सी ऑपरेशन: डॉक्टर पाच स्टार, डिस्चार्ज काउंटर एक स्टार

कोथरूडकडच्या एका मध्यम साइजच्या हॉस्पिटलबद्दल लिहितोय, खाली शिव्या पण घालणारे म्हणून नाव टाकत नाही. आत्याला संध्याकाळी अचानक पोटात दुखायला लागलं, उजवीकडे बरगडीखाली आणि तिथून मागे खांद्याच्या फऱ्यापर्यंत कळ, मग उलट्या, रात्री ताप. घरात ॲसिडिटी ॲसिडिटी म्हणत इनो चालू होतं. पण ॲसिडिटी अशी तासन्तास एकाच जागी धरून बसत नाही आणि तिने ताप तर नाहीच येत.

कॅज्युअल्टीतल्या पोरगेल्या डॉक्टरने बरगडीखाली बोटं दाबून धरली आणि म्हणाला मावशी मोठ्ठा श्वास घ्या, तर आत्याचा श्वास अर्ध्यातच अडकला आणि तिने त्याचं मनगटच पकडलं. सोनोग्राफीत मग सगळं दिसलं, खडे, त्यातला एक पित्ताच्या पिशवीच्या तोंडाशी फसलेला, भिंत जाड झालेली (३ मिमीच्या वर गेली की सूज धरतात) आणि बाजूला थोडं पाणी. बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) नॉर्मल आणि पित्ताची मुख्य नळी पण फुगलेली नाही म्हणून एमआरसीपी (पित्तनळ्यांचा एमआरआय) लिहून दिली नाही, हे मला फार आवडलं, नाहीतर बिल फुगवायला चान्स होता की.

सर्जन मॅडमनी कागदावर चित्र काढून सांगितलं. पित्त लिव्हर बनवतं, पिशवी नुसती साठवते, खड्याने तोंड बंद झालं की आत तुंबतं, पिशवी ताणते, सुजते, वर इन्फेक्शन होतं आणि फारच वेळ काढला तर सडते किंवा फुटते सुद्धा. तोंडाने काही नाही, सलाईन, अँटिबायोटिक, पेनकिलर आणि याच ॲडमिशनमध्ये ऑपरेशन, शक्यतो ७२ तासांच्या आत. पूर्वी सूज उतरवून घरी पाठवायचे आणि सहा आठवड्यांनी बोलवायचे, पण मधल्या काळात परत अटॅक येऊन लोक पुन्हा ॲडमिट व्हायचे. ज्यांना भूल झेपणारच नाही त्यांची पिशवी बाहेरून नळी घालून रिकामी करतात. आतोबांचा हेका की चिरफाड नको, कोणीतरी लिंबू आणि ऑलिव्ह ऑइलने खडे पाडून देतो म्हणे. मॅडम अजिबात चिडल्या नाहीत, म्हणाल्या तेलाने जे पडतं ते साबणासारखे गोळे असतात, खडे नाही. दुर्बिणीचं हे ऑपरेशन भारतात १९९० मध्येच मुंबईच्या जेजेमध्ये डॉ. तेहेमटन उडवाडियांनी केलं होतं हे ऐकल्यावर आतोबा जरा नरमले.

ऑपरेशन व्यवस्थित झालं, चार बारीक छेद. बाहेर येऊन प्लॅस्टिकच्या डबीत खडे दाखवले, हिरवट काळे, मिरीएवढे. पिशवी तपासणीला पाठवली. दुसऱ्या दिवशी आत्या पोटापेक्षा खांदाच जास्त दुखतो म्हणायला लागली, तो पोटात भरलेल्या गॅसमुळे, नर्सने आधीच सांगून ठेवलेलं त्यामुळे कोणी घाबरलं नाही.

आता डिस्चार्ज. सकाळी राउंडला मॅडमनी घरी जा म्हटलं आणि आम्ही दिवेलागणीला सुटलो. काउंटरवरची बाई एकच वाक्य, टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणारी एजन्सी) अप्रूव्हल आलं नाही. आयआरडीएआयच्या (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२४ च्या नियमात फायनल अप्रूव्हल हॉस्पिटलने रिक्वेस्ट पाठवल्यापासून ३ तासांत द्यायचंय, हे दाखवल्यावर कळलं की यांनी फाइलच दुपारनंतर पाठवलेली!! तेव्हा राउंड झाला की लगेच काउंटरला जाऊन फाइल गेली का विचारा, आणि ॲडमिट करतानाच पॉलिसीत पित्ताच्या खड्यांना वेटिंग पिरियड (सुरुवातीचा काळ, ज्यात क्लेम मिळत नाही) आहे का बघा, बऱ्याच पॉलिसीत असतो. बाकी कँटीनचा उपमा बरा, चहा पाणचट, आणि चारचाकी अजिबात नेऊ नका, रिक्षाने जा.