नवखा क्वार्टरबॅक: लगेच मैदानात, की वर्षभर राखीव?

अमेरिकेतल्या मावसभावाच्या लाडक्या अमेरिकन फुटबॉल संघाने नवखा क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकून चढाई चालवणारा खेळाडू, घेतलाय. हात दमदार, पण पास भरकटतात. त्याला लगेच खेळवावं की थांबवावं, या विचाराने भावाची झोप उडालीय. मला तीन उदाहरणं आठवतात.

आधी अचूकता. जॉश ॲलनला बफेलो संघाने २०१८ मध्ये पहिल्याच मोसमात उतरवलं, तेव्हा त्याचे ५२.८ टक्केच पास पूर्ण झाले, म्हणजे साथीदारांनी झेलले. २०२० मध्ये ६९.२ टक्के! पण नुसते सामने खेळून हे झालं नाही. मोसम संपल्यावर प्रशिक्षक जॉर्डन पामरबरोबर तो फेकीच्या तंत्रावर राबला. चेंडू हातातून सुटतो, पण चूक बहुधा पायांच्या ठेवणीत असते, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. पॅट्रिक महोम्स मात्र २०१७ मध्ये ॲलेक्स स्मिथच्या मागे थांबला, एकच सामना खेळला. पुढच्या मोसमात ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास!

किंमत दोन्हीकडे आहे. खेळवलं तर पराभव आणि दुखापती. ॲलनचं कोपर पहिल्याच वर्षी दुखावलं. थांबवलं तर नवख्याच्या पहिल्या, स्वस्त करारातलं एक वर्ष जातं.

आत्मविश्वासाचं म्हणाल, तर पेटन मॅनिंगचे १९९८ मध्ये, पहिल्याच मोसमात, २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी झेलले, तरी तो खचला नाही. सगळे तसे नसतात.

चांगला अनुभवी क्वार्टरबॅक हाताशी असेल आणि पोराचे पाय अजून डळमळत असतील, तर थांबवा. क्वार्टरबॅकला वाचवणारी पुढची फळी भक्कम आणि प्रशिक्षक धीराचा असेल, तर खेळू द्या.